तू फक्त ओठ हलव!

सहावीत असताना मी एका समूहगीत स्पर्धेत गायलो होतो. म्हणजे... गायलो नव्हतो. तीच तर गोष्ट आहे!

साल १९९४. आंतरशालेय समूहगीत स्पर्धा. पांढरा शर्ट, निळी हाफपँट, कॅनव्हासच्या बुटांना पांढरं पॉलिश. पेटीवर आमच्या संगीताच्या बाई, तबल्यावर दहावीतला एक दादा आणि दोन रांगांत उभे आम्ही पंधरा जण. स्पर्धेच्या आदल्या दिवशी तालीम चालू असताना बाईंनी मधेच पेटी थांबवली. कोणीतरी सूर सोडत होतं. मग एकेकाला एक-एक ओळ म्हणायला लावली. माझा नंबर आला. मी छाती भरून श्वास घेतला, जीव ओतून गायलो आणि मागच्या रांगेत खसखस पिकली.

बाई रागावल्या नाहीत. उलट फार प्रेमानं म्हणाल्या, "असं कर, उद्या तू फक्त ओठ हलव. मधोमध उभा राहा, उंचीला बरा दिसतोस."

मी ओठ हलवले. आमचा दुसरा नंबर आला. स्टीलचा पेला मिळाला, ग्रुप फोटो निघाला. घरी येताना स्कूटरवर मागे बसलेली आई बाबांना कौतुकानं म्हणाली, "अहो, एवढ्या पोरांत याचा आवाज कसा वेगळा ऐकू येत होता मला!"

पुढे उभा असलेला मी, हँडलचा आरसा घट्ट धरून, एक अक्षर बोललो नाही.

त्यानंतर मी ओठ हलवण्यात एक्स्पर्ट झालो. गणपतीच्या आरतीत टाळ्या वाजवणारा मी. भेंड्यांमध्ये गुण मोजणारा मी. गॅदरिंगला पडदा ओढणारा मी. हॅपी बर्थडेच्या वेळी केक कापायची सुरी शोधायला किचनमध्ये जाणारा... तोही मीच! तुमच्याही ग्रुपमध्ये असा एखादा नक्की असेल. नीट आठवून बघा.

म्यूटवर राहा, मी बोलतो

कट टू २०१६. बावीस वर्षांनंतरचा सीन.

हिंजवडीच्या एका आयटी कंपनीतला मी टीम लीड, ऑनसाइट पोस्टिंग अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात. काम काय, तर हॉस्पिटलांची बिलं आणि विम्याचे क्लेम्स. नॅशव्हिल म्हणजे टेनेसी राज्याची राजधानी. जगात ओळख 'म्युझिक सिटी' म्हणून, पण तिथं हॉस्पिटल चालवणाऱ्या कंपन्यांचाही मोठा कारभार आहे. म्हणजे आमच्यासारख्यांची भाजी-भाकरी. गावात मी ज्या कारणासाठी गेलो होतो त्याचा गाण्याशी काडीचाही संबंध नव्हता, हे सांगायला नकोच.

माझी टीम पुण्यात. त्यात एक नवा पोरगा होता, परभणीचा. सगळे त्याला 'परभणी'च म्हणायचे. मीही! कोडिंगमध्ये बाप माणूस. क्लेम का नाकारला जातो, याचं एक असं लॉजिक त्यानं लिहिलं होतं की सीनियर लोक तोंडात बोटं घालत. पण इंग्लिश बोलायची वेळ आली की गाडी पंक्चर. 'व'चा 'व्ह', 'श'चा 'स', आणि मधेच एक लांबलचक 'मंजे...'

क्लायंटबरोबर स्टेटस कॉल असायचा तिथल्या सकाळी आठला, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला. पहिल्या कॉलला तो बोलायला लागला. पलीकडून दोनदा "सॉरी?" आलं आणि मला घाम फुटला. मी लगेच चॅटवर टाइप केलं, 'म्यूटवर राहा. मी बोलतो.'

मग तीच सिस्टिम झाली. तो मुद्दे चॅटवर पाठवणार आणि मी ते माझ्या 'ॲक्सेंट'मध्ये वाचणार. क्लायंट म्हणणार, ब्रिलियंट! मी म्हणणार, थँक यू. असं सात महिने चाललं. यात काही चुकतंय, असं मला एकदाही वाटलं नाही. उलट पोराला मी सांभाळून घेतोय, असंच वाटायचं. कामही सुरळीत, इज्जतही शाबूत.

कंडक्टर कुठाय?

क्लायंटच्या ऑफिसात क्लेम्स डिपार्टमेंटला एक बाई होत्या. कृष्णवर्णीय, साठीला टेकलेल्या, आवाज खणखणीत. तिथल्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना नावानं हाक मारायचो, पण मनातल्या मनात 'मावशी' म्हणायचो. कारण डब्यातलं निम्मं त्या मला बळंबळं वाढायच्या! या मावशी फिस्क युनिव्हर्सिटीच्या माजी विद्यार्थिनी. ऑक्टोबरात एके दिवशी त्यांनी फर्मान काढलं, "आमच्या पोरांचं गाणं आहे. तू येतोयस."

मी नेहमीचं अस्त्र काढलं, "मला गाण्यातलं काही कळत नाही."

"कान आहेत ना? मग झालं."

फिस्कचं चॅपल. आठवड्याभराच्या रिलीजनं पिचलेला मी, मागच्या बाकावर बसायची जागा शोधत होतो. मावशींनी ओढून पुढे नेलं. स्टेजवर वीसेक मुलंमुली आली. मुलं काळ्या सुटात, मुली लांब गाऊनमध्ये. अर्धवर्तुळात उभी राहिली. पियानो नाही, तबला नाही, माइकची गर्दी नाही.

आता कॉयरचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी बघितलेले असतात. समोर हातवारे करणारा एक माणूस असतोच. कंडक्टर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एसटीतला खाकी कपड्यांतला येतो, पण या कंडक्टरचंही काम फारसं वेगळं नाही. डबल बेल द्यायची, गाडी हलवायची. मी मावशींना हळूच विचारलं, "कंडक्टर कुठाय?"

त्या हसल्या. "नसतो."

"म्हणजे?"

"आहेत ना, डॉक्टर क्वामी. पण गाणं चालू असताना ते स्टेजवर नसतात."

मी काही विचारणार एवढ्यात पोरांनी एकदम श्वास घेतला. खरंच सांगतो, तो श्वास ऐकू आला. वीस जणांचा एक श्वास. आणि गाणं सुरू झालं.

आपल्याकडे समूहगीत म्हणजे सगळ्यांनी एकच चाल एकाच सुरात म्हणायची. इथं चार थर होते. मुलींचा वरचा आवाज सोप्रानो आणि खालचा आल्टो, मुलांचा वरचा टेनर आणि पार तळघरातला बास. चौघांच्या चार वेगळ्या चाली आणि तरी मिळून एकच गाणं. एखादा सूर लांबवायचा असेल तर कोणीच सलग ताणत नाही. एक जण श्वास घेतो तेव्हा शेजारचा सूर धरून ठेवतो, मग तो घेतो. ऐकणाऱ्याला वाटतं, सूर कधी तुटलाच नाही. आणि हे सगळं समोर हात हलवणारं कुणी नसताना! मुलं एकमेकांकडे बघतही नव्हती. ऐकत होती.

गाणं इतकं हळू झालं की पुढच्या बाकावरच्या आजोबांच्या श्वासाचा आवाज मोठा वाटायला लागला. पण शेवटच्या रांगेतही शब्द न् शब्द पोचत असणार, याची मला खात्री होती. मी बघत होतो तो वेगळाच प्रकार. त्या अर्धवर्तुळात एक उंच पोरगा मधोमध उभा होता. मी त्याच्या ओठांकडे टक लावून बघत होतो. या धंद्यात मी मुरलेलो ना! पण नाही. तो खराखुरा गात होता. सगळेच गात होते. ओठ हलवणारा तिथं एकही नव्हता.

सहा डॉलर आणि एक युनिव्हर्सिटी

त्या रात्री अपार्टमेंटवर आल्यावर मी लॅपटॉप उघडला तो पहाटे तीनला मिटला. आणि हे गाणं म्हणजे नुसतं गाणं नाही, हे कळत गेलं.

अमेरिकेत गुलामी कायद्यानं संपली १८६५ मध्ये. पाठोपाठ १८६६ मध्ये नॅशव्हिलला, सैन्याच्या जुन्या हॉस्पिटलच्या बराकींमध्ये फिस्क सुरू झालं. गुलामीतून सुटलेल्यांना शिकवण्यासाठी. पाच वर्षांत पैसे संपले. संस्था बंद पडायची वेळ आली. तेव्हा जॉर्ज व्हाइट नावाच्या गोऱ्या खजिनदारानं, जो संगीतही शिकवायचा, एक अजब प्लॅन केला. नऊ विद्यार्थी घेऊन ६ ऑक्टोबर १८७१ ला तो दौऱ्यावर निघाला. गाऊन पैसे जमवायचे आणि कॉलेज वाचवायचं! त्याच सुमारास शिकागो शहर आगीत भस्मसात झालं होतं. या पोरांनी सुरुवातीच्या एका कार्यक्रमाची जेमतेम कमाईदेखील त्या आगग्रस्तांना देऊन टाकली. स्वतः उपाशी असताना!

त्या नऊ जणांत पियानोवर होती एला शेपर्ड, वय वीस. जन्म गुलामीतला. वडिलांनी पैसे भरून तिला सोडवलं होतं. पियानो शिकायला गोरी शिक्षिका मिळाली, पण अट अशी की रात्री यायचं आणि मागच्या दारानं यायचं. १८६८ मध्ये फिस्कला आली तेव्हा जवळ होते सहा डॉलर. पुढे तीच तिथं संगीत शिकवायला लागली. दौऱ्यावर तालमी घेणं, साथ करणं, गाणी बसवणं हे बरंचसं तिच्याच अंगावर असे. म्हणजे ती गायिकाही आणि पडद्यामागची कंडक्टरही.

गंमत म्हणजे सुरुवातीला ही मुलं आपली गाणी स्टेजवर गायला तयारच नव्हती. आईबापांनी मळ्यांमध्ये राबताना, रात्री लपूनछपून म्हटलेली ती भक्तिगीतं. त्यांना 'स्पिरिच्युअल्स' म्हणतात. ती चारचौघांत कशी म्हणायची? त्यात लाज होती, दुखणं होतं आणि पावित्र्यही. म्हणून आधी गोऱ्या लोकांची फॅशनेबल गाणी म्हणून बघितली. पण लोकांनी डोळ्यांत पाणी आणून ऐकली ती ही घरची गाणी! १८७३ मध्ये ती राणी व्हिक्टोरियापुढे झाली. मिळालेल्या पैशांतून १८७६ मध्ये फिस्कमध्ये 'ज्युबिली हॉल' ही देखणी इमारत उभी राहिली. या वृंदाचं नावच 'फिस्क ज्युबिली सिंगर्स'.

१८७३ वाचल्यावर मी थबकलो. हे साल कुठंतरी वाचलेलं... अरे हो! महात्मा फुल्यांचं 'गुलामगिरी' १८७३ चं. आणि त्याची अर्पणपत्रिका कुणाला? अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या लोकांना. म्हणजे ज्या वर्षी जोतिरावांनी पुण्यात बसून हे लिहिलं, त्याच वर्षी सुटका झालेल्या त्या गुलामांची पोरं लंडनमध्ये गात होती. शाळेत अर्पणपत्रिकेवर दोन मार्कांचा प्रश्न होता. मी पाठ केला होता. पण अर्थ नॅशव्हिलच्या एका अपार्टमेंटमध्ये, पहाटे दीडला लागला.

आणखी एक. या वृंदात गायलेल्या फ्रेडरिक लाउडिननं पुढे स्वतःचा वृंद काढून १८८४ ते १८९० असा जगाचा दौरा केला. त्यात ते भारतातही आले आणि चक्क ताजमहालात गायले. आपण तिथं जाऊन काय करतो? घुमटाचं टोक चिमटीत पकडून फोटो काढतो!

एकतिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थी

पण मला खरं अडकवलं ते त्या न दिसणाऱ्या कंडक्टरनं. पॉल क्वामी.

जन्म १९५२ चा, घानातला. तिथल्या नॅशनल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकले, मग तिथंच शिकवायला लागले. म्हणजे लाइफ सेट! आणि १९८३ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, हा मास्तर फिस्कमध्ये विद्यार्थी म्हणून दाखल झाला. आपल्याकडे एकतिसाव्या वर्षी माणूस होम लोनच्या हप्त्यांचं एक्सेल शीट करतो. हे विशी-बाविशीच्या पोरांबरोबर ज्युबिली सिंगर्समध्ये उभे राहून गायले. १९८५ मध्ये पदवी घेतली, वेस्टर्न मिशिगन युनिव्हर्सिटीतून मास्टर्स केलं. आणि १९९४ मध्ये फिस्कनं त्यांना त्याच वृंदाचं संचालक केलं. जन्मानं आफ्रिकन असलेले ते पहिलेच. पुढे डॉक्टरेटही केली.

१९९४! इकडे मला ओठ हलवायला सांगितलं जात होतं, तेव्हा तिकडे हा माणूस पोरांना गातं करायला लागला होता. योगायोग म्हणा, पण मला बोचला.

युनिव्हर्सिटीच्या कॉयरचा कंडक्टर म्हणजे नेमकं काय करियर, याचा तुम्ही कधी विचार केलाय? मीही केला नव्हता. दरवर्षी नव्या मुलांच्या ऑडिशन्स घ्यायच्या. त्यात संगीत शिकणारी थोडी, बाकी बायॉलॉजी, बिझनेस, काहीही शिकणारी. त्यांना श्वास कसा घ्यायचा इथपासून शिकवायचं. वर्ग घ्यायचे, रोजच्या तालमी, परीक्षा सांभाळून दौरे, प्रवास, कपडे, खाणंपिणं. तीन-चार वर्षांत पोरांचे आवाज पिकतात, एकमेकांत मुरतात आणि... कॉन्व्होकेशन! टोपी उडवून पोरं निघून जातात. पुन्हा नव्यानं श्रीगणेशा. आपल्या भाषेत सांगायचं तर, दर चार वर्षांनी ॲट्रिशन रेट शंभर टक्के! रिटेन्शन बोनस नाही, काउंटर ऑफर नाही. असं क्वामींनी अठ्ठावीस वर्षं केलं.

आणि एवढं करून, जो क्षण मिरवायचा, त्या क्षणी स्वतः स्टेजवर नाही.

मी विचार करत राहिलो की का नाही? आणि मला वाटतं, उत्तर त्यांच्या करियरच्या क्रमात आहे. ते आधी त्या अर्धवर्तुळात उभे राहून गायले होते. समोर हात हलवणारा माणूस असला की गाणारा त्याच्या हाताकडे बघतो. तो नसला की त्याला शेजारच्याला ऐकावंच लागतं. सगळी मेहनत तालमीत, बंद दाराआड करायची. दहादा, वीसदा थांबवायचं, दुरुस्त करायचं. आणि मग दार उघडून म्हणायचं, जा, आता तुम्ही. चुकली तर? चुकू देत. पण आवाज त्यांचाच असेल.

ज्याचा सूर हलतो त्याच्यावर दोन उपाय असतात. एक, त्याला गप्प करायचं. स्वस्त आणि मस्त, दुसऱ्या दिवशी पेला हमखास. दुसरा, त्याला शेजारच्याचं ऐकायला शिकवायचं. याला वेळ लागतो. माझ्या बाईंकडे एकच दिवस होता, त्यांना मी दोष देत नाही.

पण माझ्याकडे सात महिने होते.

पहाटेचे तीन वाजले होते. लॅपटॉपवर एका कोपऱ्यात चॅटची विंडो उघडी होती. शेवटचा मेसेज माझा, 'म्यूटवर राहा.'

अकरा सेकंद

पुढच्या सोमवारच्या कॉलआधी मी परभणीला फोन केला. परभणीला नव्हे, त्याच्या नावानं हाक मारली. तो आधी दचकलाच. म्हटलं, "आजचा मॉड्यूल तू प्रेझेंट कर."

"सर, मी? काही चुकलं का माझं?"

बघा! मी बोलायला सांगतोय आणि त्याला शिक्षा वाटतेय.

आम्ही दोन दिवस तालीम केली. सोमवारी तो बोलला. आता इथं सिनेमा असता तर टाळ्या पडल्या असत्या. तसं काही झालं नाही. दुसऱ्याच वाक्याला अडखळला. पलीकडून "सॉरी?" आलं. माझा हात म्यूटच्या बटणावर गेला. मी बोललो असतो तर दोन सेकंदांत विषय संपला असता. मी हात मांडीखाली दाबून बसलो. अकरा सेकंद शांतता. समोरच्या घड्याळात मोजली मी. आयुष्यातला सगळ्यात लांब सूर!

आणि मग तो म्हणाला, "मंजे... लेट मी एक्स्प्लेन अगेन."

केलं एक्स्प्लेन. मोडकंतोडकं, पण केलं. मधे एकदा अडकला तेव्हा आमच्याच टीममधली मुलगी पटकन शब्द पुरवून गप्प झाली. त्याचा श्वास संपला, तिनं सूर धरला! क्लेम्सवाल्या मावशी त्या कॉलवर होत्या. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "हा मुलगा इतके दिवस कुठं होता?"

मी काय सांगणार? म्हटलं, "म्यूटवर होता."

चार महिन्यांनी त्यानं पेपर टाकले. दुसऱ्या कंपनीत चांगली ऑफर होती. तिथं रोज क्लायंटशी बोलायचं काम! मला वाईट वाटलं, पण तक्रार कुठल्या तोंडानं करणार? शेवटच्या दिवशी फोनवर बोलताना तो म्हणाला, "सर, एक सांगू का? राग नका मानू. तुम्ही मला म्यूटवर ठेवायचात ना, तेव्हा तुम्ही जे बोलायचात ते मी सोबत बोलत राहायचो. आवाज बंद ठेवून. नुसते ओठ हलवत."

मी त्याला माझी सहावीची गोष्ट कधीच सांगितली नव्हती. कोणालाच नव्हती.

"सॉरी रे," एवढंच म्हणू शकलो.

जरा हळू!

२०१८ मध्ये मी पुण्यात परतलो. मार्च २०२१ मध्ये, वर्क फ्रॉम होमच्या दिवसांत, एका सकाळी मावशींचा मेसेज आला. नुसते रडणारे आणि नाचणारे चेहरे. ज्युबिली सिंगर्सना ग्रॅमी मिळालं होतं, दीडशेव्या वर्षानिमित्त केलेल्या अल्बमला! क्वामींच्या आयुष्यात तसे सन्मान बरेच आले. २००८ मध्ये या वृंदाला अमेरिकेचं नॅशनल मेडल ऑफ आर्ट्स मिळालं. त्याआधी २००७ मध्ये, घानाच्या स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, ते आपल्या मुलांना घेऊन घानाला गेले होते. मला विचाराल तर मेडलपेक्षा तेच मोठं. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून साखळदंडात नेलेल्यांची गाणी त्यांची नातवंडं-पतवंडं तिथं परत घेऊन गेली. आणि त्यांना घेऊन गेला तिथलाच एक मास्तर.

२०२२ च्या गणपतीत विसर्जन झालं ९ सप्टेंबरला. आवाज बसलेला, पायांचे तुकडे पडलेले. त्यानंतर लगेचच बातमी वाचली. १० सप्टेंबरला पॉल क्वामी गेले. वय सत्तर. ज्यांच्याशी मी एक शब्दही बोललो नव्हतो, त्या माणसासाठी मी बाल्कनीत जाऊन बराच वेळ उभा राहिलो. त्यांच्यानंतर ती जागा घेतली डॉ. जी. प्रेस्टन विल्सन ज्युनिअर यांनी. कोण हे? क्वामींच्या वृंदात विद्यार्थी असताना गायलेला पोरगा. म्हणजे पुन्हा तेच. आधी अर्धवर्तुळात उभं राहायचं, मग बाजूला व्हायचं.

वर आवाज बसलेला म्हटलं ना, ते चुकून नाही. नॅशव्हिलहून आल्यापासून मी आरतीत गातो. हो, मोठ्यानं! सोसायटीतल्या लोकांना सवय व्हायला दोन वर्षं लागली. सूर अजून हलतो. पण आता मी शेजारच्या जोशीकाकांचा आवाज धरून चालतो. काकांनाही दम लागतो, मग मी धरतो. तेवढं जमतं.

गेल्या गणपतीत आई माझ्याकडे होती. आरती झाल्यावर, प्रसादाची वाटी हातात घेऊन तिला शेवटी एकदाची सांगून टाकली ती १९९४ ची गोष्ट. बाईंची, पेल्याची, स्कूटरवरच्या त्या वाक्याची. वाटलं, हिला वाईट वाटेल. तीस वर्षं जपलेला भ्रम.

आईनं शांतपणे खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला.

"मला माहीत होतं रे. ओठ आणि शब्द जुळत नव्हते तुझे. पण तुझा चेहरा बघून तसं म्हणाले मी."

मला काही सुचेना.

"आता मात्र खरंच ऐकू येतो हं," ती म्हणाली. "उद्या जरा हळू."